जिभेचा क्लास

गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या एका कॉलेजात मी एक तमाशा पाहिला. तमाशा म्हणालो खरा, पण मी नारायणगावचा. तमाशा हा शब्द शिवीसारखा वापरायची मला लाज वाटते. तेव्हा शब्द मागे घेतो. मी एक कार्यशाळा पाहिली.

हॉलमध्ये दोनशे पोरंपोरी. मागे बॅनर : 'संभाषण कौशल्य व करिअर मार्गदर्शन'. पुण्याहून एक गृहस्थ आलेले. गळ्यात टाय, कानामागून आलेला माईक. हात कसा मिळवावा, हाताची घडी का घालू नये, डोळ्याला डोळा कसा भिडवावा, हे तासभर चाललं. मग त्यांनी एकेकाला उभं केलं. 'इंट्रोड्यूस युवरसेल्फ.' बागायतदारांची पोरं दोन-दोन वाक्यं रेटून बसली. मग पाळी आली आंबेगावच्या पश्चिमेकडच्या एका पोरीची. महादेव कोळ्याची पोर. एस. वाय. बी. ए. ती उभी राहिली. ओठ हलले, आवाज आला नाही. हॉल हसला. गृहस्थही हसले, अगदी मायेनं हसले, आणि माईकमध्ये म्हणाले, 'कॉन्फिडन्स झिरो. आधी विचार पाहिजेत, मग शब्द येतात.'

मी शेवटच्या बाकावर होतो. माजी विद्यार्थी म्हणून मला शाल-नारळाला बोलावलेलं. शाल घेतली, नारळ घेतला, आणि गप्प बसलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी पुष्कळ शिव्या देणार आहे आणि त्यातली पहिली माझ्या वाट्याची आहे.

चहाच्या सुट्टीत ती पोर भिंतीला टेकून उभी होती. मी जवळ गेलो. म्हणालो, 'ताई, गाव कुठलं?' तिनं गाव सांगितलं आणि मग सांगतच राहिली. तिच्या आज्याची जमीन डिंभ्याच्या धरणात गेली. घोड नदी अडवली, मूळ आंबेगाव पाण्याखाली गेलं, तालुक्याला नुसतं नाव उरलं, कचेऱ्या घोडेगावात. पाणी खालच्या बागायतीला, आणि ज्यांच्या रानावर ते पाणी उभं आहे ती माणसं वर डोंगराला चिकटून. तिच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. पेटीत आज्याचे कागद. नववीत असताना पोरीनं ते वाचायला घेतले. गट नंबर, नोटिशीची तारीख, मोबदला ठरला किती, हातात आला किती, कुठल्या साहेबानं काय उत्तर दिलं आणि त्या उत्तरात खोट कुठं आहे, सगळं तोंडपाठ. माहितीच्या अधिकारात तीन अर्ज तिनं स्वतः टाकलेत. एका कचेरीतला बाबू म्हणाला, 'बापाला पाठव.' ही म्हणाली, 'बापाला वाचता येत न्हाय, मला येतं. काय ते लिहून द्या.' वीस मिनिटं बोलली. एक वाक्य वाया घालवलं नाही.

'मग आत का नाही बोललीस?'

'आत काय इचारलं दादा? तुझी हॉबी काय. हॉबी म्हंजे काय सांगू? शेण काढते?'

मित्रांनो, ह्या पोरीला कॉन्फिडन्स झिरो!

ही पोर मुकी नाही. तिचं जे सांगायचं आहे ते ऐकायला तिथं कान नव्हता, एवढाच त्या शांततेचा अर्थ. पण ह्या व्यवस्थेची गंमत अशी की तिचा बहिरेपणा ती आमच्या जिभेच्या खात्यावर टाकते, मग त्या जिभेला क्लास लावते, क्लासची फी घेते आणि वर सर्टिफिकेट देते. पूर्वी म्हणायचे तुमच्या सावलीत दोष आहे. आता म्हणतात तुमच्या उच्चारात दोष आहे. सावली झटकता येत नव्हती. उच्चार सुधारता येतो, असं आमिष आहे. पुढारलोय आपण!

ह्याला आता सरकारी शिक्काही आहे. २०१९ साली यूजीसीनं 'जीवन कौशल्य' नावाचा अभ्यासक्रम काढला. त्यात संभाषण आहे, बायोडाटा आहे, मुलाखत आहे, गटचर्चा आहे, करिअरच्या वाटा शोधणं आहे. मी म्हणत नाही की हे शिकवू नका. शिकवा, बापहो, शिकवा! पण मुलाखत ही दोन माणसांची असते. टेबलाच्या ह्या बाजूच्याला शिकवताय, त्या बाजूच्याला कोण शिकवणार?

त्या बाजूला काय चालतं ते मला ठाऊक आहे. पदवी घेऊन मी पुण्यात एका कंपनीत मुलाखतीला गेलो होतो. इस्त्रीचा शर्ट, मित्राचे बूट. पहिला प्रश्न माझ्या विषयातला, उत्तर बरोबर. दुसरा विषयातला, उत्तर बरोबर. तिसरा : 'वडील काय करतात?' मी म्हणालो, मजुरी. 'घरात आणखी कोण शिकलेलं?' कोणी नाही. 'गावात राहता कुठल्या बाजूला?' बस्स. गावाच्या कुठल्या बाजूला! त्यानं कागद उलटा ठेवला. माझ्या व्याकरणाची चूक झाली नव्हती. जन्माची झाली होती.

म्हणाल, ही एकट्याची रड आहे. तर ऐका. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल ह्या दोघांनी एक साधा प्रयोग छापला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, लायकी सारखी, फरक फक्त नावात. काही नावं वरच्या जातीची, काही दलित, काही मुसलमान. दलित नावाला बोलावणं येण्याचा संभव वरच्या जातीच्या नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाला, मुसलमान नावाचा त्याहूनही कमी. इथं कोणी तोंड उघडलं नव्हतं. कोणाचा उच्चार ऐकला नव्हता. हात मिळवला नव्हता. नुसतं नाव वाचलं होतं! त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन ह्यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. साहेब लोक म्हणाले, आम्ही जात बघत नाही, गुणवत्ता बघतो. आणि लगेच म्हणाले, उमेदवाराची 'फॅमिली बॅकग्राऊंड' मात्र विचारतो. आमच्या भाषेत फॅमिली बॅकग्राऊंडला काय म्हणतात ते सांगायला नको.

आणि जिभेचंच म्हणाल, तर बाबासाहेबांपेक्षा मोठी जीभ आणा. १९१३ साली कोलंबियाला गेलेला माणूस. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण लिहून तयार. मंडळानं ते आधी वाचलं आणि परिषदच रद्द केली. का? इंग्रजी कच्चं होतं? डोळ्याला डोळा भिडवला नाही? नाही. भाषण त्यांना समजलं, म्हणून रद्द केलं. बाबासाहेबांनी ते स्वतःच्या खर्चानं छापलं आणि अख्ख्या देशानं वाचलं. तेव्हा 'आम्हाला तुमचं कळत नाही' असं कोणी म्हणालं की लक्षात ठेवा, पुष्कळदा फार नीट कळलेलं असतं.

आम्ही बोलत आलोय. ह्याच पुणे जिल्ह्यात, फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे नावाची मांगाची पोर, वय चौदाच्या आसपास. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापून आला. वेदांवर आमचा हक्क नाही, तर मग आमचा धर्म कुठला, असा सवाल त्या पोरीनं भटशाहीला टाकला. तिला कोणी हॉबी विचारली असती तर? १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कनॉटला मेजवानी होती. सगळे जरीत, हिऱ्यामोत्यांत. जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि राजपुत्राला सुनावलं की ही जमलेली मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरा देश बघायचा तर खेड्यात जा. आजच्या कार्यशाळेत जोतीरावांना पोशाखाचे शून्य मार्क पडले असते.

आमच्या जुन्नरच्या डोंगरात लेणी आहेत, दोनशेच्या वर. बौद्ध लेणी. लेण्याद्रीला लोक गिरिजात्मज गणपतीला जातात, पण तो बसलाय विहारात. ह्या डोंगरांतले लेख वाचा. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं, असं लिहिलंय. बांबूचं काम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची श्रेणी आहे. भाषा प्राकृत, म्हणजे माणसं बोलायची तिच्या जवळची. दोन हजार वर्षांपूर्वी ह्या तालुक्यात बांबू विणणाऱ्याचं काम दगडावर लिहिलं गेलं. आज त्याच्या वारसाला फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' लिहिताना पेन अडतं.

आणि विठाबाई! विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. हजारो माणसांना रात्रभर जागेवर खिळवणारी बाई. राष्ट्रपतींनी गौरवलेली. कनातीमागं बाळंत होऊन पुन्हा फडावर उभी राहिल्याची तिची गोष्ट सगळा महाराष्ट्र चवीनं सांगतो. २००२ साली ती गेली, तेव्हा घरात दैन्य. म्हणून मी ह्या गोष्टीवर टाळ्या वाजवत नाही. जीभ असून काय झालं? टाळी मिळाली, शिट्टी मिळाली, म्हातारपणाची भाकरी मिळाली नाही. आमच्या बोलण्यावर त्यांनी करमणूक केली. निर्णयाच्या टेबलाशी त्याला खुर्ची दिली नाही.

इथं एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगतो. आपल्यात काही कविलोक आहेत. ते म्हणतात, आमची बोली हेच आमचं हत्यार, इंग्रजी गेली चुलीत. च्यायला, ह्यांची स्वतःची पोरं इंग्रजी शाळेत! असल्या भाबडेपणाचा मी वैरी आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला तो मराठीत, आणि लाहोरचं भाषण लिहिलं ते इंग्रजीत. ज्याला ऐकवायचं त्याच्या कानाची भाषा. इंग्रजी आम्हाला पाहिजेच. मुलाखत पाहिजे, बायोडाटा पाहिजे, कॉम्प्युटर पाहिजे. पण ते अवजार म्हणून पाहिजे. कुदळ हातात घेताना कोणी म्हणत नाही की तुझा हातच खोटा आहे. टायवाले शिक्षक आधी हात खोटा ठरवतात आणि मग कुदळ भाड्यानं देतात.

आता करिअरचं बघू. त्या दिवशी दुपारी पोरांना एकेक छापील कागद वाटला. 'तुमच्यासाठी संधी.' डेटा एंट्री, रिसेप्शन, ब्यूटी पार्लर, मोबाईल दुरुस्ती, चाकणच्या कारखान्यात ऑपरेटर, तोही कंत्राटदाराकडून. वर 'स्वतःचे मालक व्हा' अशी आरोळी. ह्यातलं कुठलंही काम हलकं नाही, माझा भाऊ चाकणलाच राबतो. सवाल एवढाच, की हा कागद कोणासाठी छापला? दोनशे पोरांत वकील कोणी होणार नाही, प्राध्यापक होणार नाही, पत्रकार होणार नाही, परदेशी शिकायला जाणार नाही, हे कोणी ठरवलं? पूर्वी मनूनं कामं वाटून दिली होती. आता छापखान्यातून वाटून येतात.

ज्या गोष्टी त्या कागदावर नव्हत्या त्या इथं छापा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालापासून आहे, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते तेव्हापासून. कोणाची भीक नव्हे ती. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध पोरांना स्वाधार योजना आहे, आदिवासी पोरांना स्वयम् योजना आहे. परदेशी शिकायला राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. पुण्यात बार्टी आहे. आणि खुद्द जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या शेजारी खोडदला, जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे. पंचेचाळीस-पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथं प्रदर्शन भरतं, पोरं सहलीला जातात, फोटो काढतात, परत येतात. तिथं शास्त्रज्ञ लागतात तसे इलेक्ट्रॉनिक्सवाले लागतात, फिटर लागतात, हिशेबनीस लागतात, हे त्यांना कोणी सांगतं का? अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला आकाशातला क्षीण आवाज आमच्या शिवारात ऐकू येतो. शिवारातल्या पोरीचा आवाज पन्नास फुटांवरच्या स्टेजला ऐकू येत नाही.

हा आवाज पोचणं न पोचणं नोकरीपुरतं नाही. ३० जुलै २०१४. माळीण. आंबेगाव तालुक्यातलंच गाव. पहाटे डोंगर खाली आला, दीडशेवर माणसं गाडली गेली. गाव दिसत नाही, ही बातमी बाहेरच्या जगाला दिली ती एस. टी.च्या ड्रायव्हरनं. गाडी घेऊन गेला तर जागेवर गावच नाही! मग मंत्री आले, कॅमेरे आले, जगभर माळीण झालं. गाव होतं तोवर त्याचं नाव किती जणांना माहीत होतं? डोंगरातल्या माणसाचं बोलणं वेळेवर वर पोचणं, ह्याला मी कम्युनिकेशन म्हणतो. त्यासाठी कौशल्य लागतं, ते पोरांना दिलंच पाहिजे. पण कौशल्याबरोबर अधिकार लागतो, आणि तो क्लासात मिळत नाही.

आता आपल्यावर येतो. शहरातल्या मित्रांनो, येरवड्याच्या, पिंपरीच्या, घाटकोपरच्या, वरळीच्या मित्रांनो. तुमच्यातल्या कित्येकांचे आजे जुन्नर-आंबेगाव सोडून गोदीत, गिरणीत, एम.आय.डी.सी.त गेले. तुम्ही १ जानेवारीला भीमा कोरेगावला येता. मानवंदना देता. तिथून जुन्नर किती लांब? २ जानेवारीला आमच्याकडे कोण येतं? १४ एप्रिलला आपण भाषणं ठोकतो, डीजेवर नाचतो, वर्गणीत चार आकडी रक्कम देतो. पोराला साधा अर्ज कसा लिहायचा हे सांगायला आपल्याला रविवार सापडत नाही. आपण पोरांना घोषणा शिकवली, घोषणेनंतरचं वाक्य शिकवलं नाही. मग ती मोकळी जागा टायवाल्यानं भरली. त्याला किती शिव्या घालणार?

मी ज्या शिवीचा हक्कदार आहे ती आता घेतो. त्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून ती पोर मला म्हणाली, 'दादा, वकील व्हायला काय लागतं? मला आज्याची केस स्वतः चालवायचीय.' आणि मी, चळवळीतला, पंधरा वर्षं व्यासपीठावर बोलणारा, उत्तर देऊ शकलो नाही. संविधानावर मी तासभर बोलतो. बी. ए. नंतर कायद्याला तीन वर्षं लागतात, त्याला आधी सी. ई. टी. द्यावी लागते, जात-पडताळणीचा दाखला आधीच काढून ठेवला नाही तर ऐन प्रवेशात धावाधाव होते, हे मला त्या रात्री दुसऱ्याला फोन करून विचारावं लागलं. तिचा आवाज ऐकायला त्या हॉलमध्ये एकच कान होता, माझा. आणि त्या कानामागं डोकं रिकामं होतं. कॉन्फिडन्स मात्र माझ्यात भरपूर!

म्हणून भाषण बंद, काम मांडतो.

१. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव. पाच ठिकाणी समाजमंदिरात किंवा विहारात महिन्यातून दोन रविवार बसायचं. कोणाची शाल नको, बॅनर नको. आदिवासी, बौद्ध, मातंग, भटक्यांची, मजुरांची पोरं, ज्याला गरज तो आपला.

२. पहिलं काम कागदांचं. जातीचा दाखला, पडताळणी, उत्पन्न, शिष्यवृत्ती. अकरावीतच सुरुवात. तारीख हुकली म्हणून एकाही पोराचं वर्ष जाता कामा नये.

३. इंग्रजी शिकवायची ती पोरांच्या स्वतःच्या मजकुरातून. आज्याच्या जमिनीचा अर्ज आधी मराठीत, मग तोच इंग्रजीत. 'माय हॉबी' पुन्हा वर्गात दिसली तर शिकवणाऱ्याला बाहेर काढा.

४. मुलाखतीचा सराव आपण घ्यायचा, आणि 'वडील काय करतात' हा प्रश्न पहिला विचारायचा. 'माझा बाप हिरडा गोळा करतो, त्या पैशावर मी शिकले', हे मान वर करून म्हणता येईपर्यंत सराव.

५. वाटा डोळ्यांनी दाखवायच्या. कोर्टात न्या, खोडदला न्या, वर्तमानपत्राच्या कचेरीत न्या. आपला जो कोणी वकील, इंजिनिअर, नर्स, तलाठी झाला असेल त्याला पकडून आणा. साहेब झाल्यावर फोन उचलत नाही तो, म्हणून घरी जाऊन आणा.

६. सिद्धार्थ कॉलेजात विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरायची. तशी आपल्याकडे भरवा. विषय डिंभ्याचं पाणी, एस. टी.ची फेरी, वसतिगृहाचं जेवण. ठराव करा आणि तो घेऊन तहसीलदाराकडे जा. टेबलाच्या त्या बाजूलाही ऐकायची सवय लावावी लागते.

त्या पोरीनं आता चौथा अर्ज टाकलाय. सी. ई. टी.ची पुस्तकं मी पोचवली. माझ्याकडून एवढंच झालं. रविवारी घोडेगावला आम्ही चौघे बसतो. मागच्या खेपेला सतरा पोरं होती, त्यातली नऊ पोरी. शिकवायला माणूस कमी पडला. ती पोरंच एकमेकांना शिकवत होती, आणि मोठमोठ्यानं बोलत होती.

ज्याला भाषण करायचंय त्यानं येऊ नये. ज्याला फॉर्म भरता येतो त्यानं यावं.

जय भीम!